बॅकअप आहे, फॉन्ट नाही

मित्रहो, नव्या विंडोजने बटणावरचा 'स्टार्ट' हा शब्दच काढून टाकला, याचा मी तीव्र निषेध करतो. आरंभ करायचा कुठून?

आज अंबडच्या कॉम्प्युटरवाल्याने सीडीवरचा बॅकअप नव्या मशीनवर चढवला. माझ्या दिवंगत पत्नीने टाइप केलेल्या पाककृती, मला मारलेल्या टोमण्यांसकट, त्यात होत्या. उघडल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

"काका, फायली सगळ्या आहेत. पण जुन्या मराठी फॉन्टचा बॅकअप घेतलाच नाही तुम्ही!"

"म्हणजे आत्मा आहे, देह नाही?"

"तसंच समजा. परत टाइप करा ना."

काय टाइप करू?

कुणाकडे तसा जुना फॉन्ट असेल तर कळवा. शाळेत घोकलेली संस्कृतची शब्दरूपं मला अजून पाठ आहेत. तिची वाक्यं मात्र विसरत चाललोय, याची भीती वाटते.