दुसऱ्याचा माग

परशराम गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, ती मलाच द्यावी लागली. लोंढ्याच्या अलीकडं मोबाईलला रेंज आली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून मी वडगावात त्याच्या लेकीला, रेणुकाला फोन लावला. "काका, पोचलासा काय? आप्पा कुठं हाईत?" तिनं विचारलं. पुढं मी काय बोललो ते आठवत नाही... पलीकडं घरातला माग चालू होता, एवढं मात्र आठवतं.

आम्ही दोघं विणकर. चाळीस वर्षं एकाच शेडात, शेजारशेजारच्या मागांवर साड्या विणल्या. यंत्रमागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमचं सगळं हातानं चालतं. दोन बोटं फाकवली की धागा तुटला. तळहात पालथा करून हलवला की असू दे, चालू ठेव. आणि शेडाचा एक कायदा आहे. दुसऱ्याचा माग आपण बंद करायचा नाही. तुटलेलं दिसलं तर खूण करावी, पण माग थांबवायच्या दांड्याला हात लावायचा नाही. ज्याचा माग त्यानं ठरवायचं. यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांची गचांडी धरलेली मी पाहिली आहे.

परशरामची बायको, शांतावहिनी, किडनीच्या आजारानं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि आमच्या भागातल्या धर्मादाय दवाखान्यात ते मशीन नव्हतं. कुठं नंबर लागेल तिकडं तिला घेऊन हा पळायचा. एका आठवड्यात नंबर लागलाच नाही... त्यानंतर त्यानं एकच ध्यास घेतला, आपल्या दवाखान्यात मशीन आलं पाहिजे. गल्लीच्या मंडळानं देणगीसाठी कणकुंबीपासून लोंढ्यापर्यंत डोंगरातून चार दिवस चालायचं ठरवलं, तेव्हा साठी उलटलेला हा बाबा सगळ्यात आधी नाव देऊन आला. वर मला न विचारता माझंही दिलं. मच्छे गावातल्या एका कारखानदारानं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "अण्णा, तुम्ही चारी दिवस पुरे चालून दाखवा, कमी पडेल ते मी घालतो." परशरामनं ते देवापुढं बोललेल्या नवसासारखं धरलं.

दोन दिवस तो लई खुशीत होता. मी मागं पडलो की म्हणायचा, "दत्तू, तुझ्यापरास आमची म्हस बरी चालती रं." तिसऱ्या दिवशी दुपारी, एका उभ्या चढावर तो थांबला. तोंड राखेगत झालेलं, सदरा घामानं चिकटलेला. पुढं चालणाऱ्या मंडळाच्या प्रमुखानं वळून विचारलं, "काय झालं, अण्णा?"

"काय न्हाय. दम लागलाय जरा."

आणि प्रमुख परत पुढं वळताच परशरामनं माझ्याकडं बघून छातीवर हात ठेवला. दोन बोटं फाकवली. मग तळहात पालथा करून हलवला.

त्या डोंगरावर कसलाही आवाज नव्हता. मी ओरडलो असतो तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. खाली तासाभरावर एक वाडी होती, तिथं जीप मिळाली असती. मी काय केलं? त्याची सॅक माझ्या खांद्यावर घेतली आणि त्याच्या मागून चालू लागलो. लाज वाटते लिहायला, पण तेव्हा मला ती दोस्ती वाटली. त्याचं त्यानं ठरवलंय, आपण कोण मधे पडणार, असं मी स्वतःला सांगत होतो. चौथ्या दिवशी सकाळी, लोंढा तासाभरावर आलेलं असताना, तो बुटाची नाडी बांधायला एका झाडाखाली बसला आणि उठलाच नाही.

दिवसकार्याला तो कारखानदार आला होता. परशरामच्या फोटोपुढं रडला बिचारा. म्हणाला, "अहो, ते मी आपलं हुरूप यावा म्हणून बोललो होतो. पहिल्याच दिवशी परत आले असते तरी मी दिलंच असतं." कुणीतरी त्याला पाणी दिलं. मी उठून बाहेर गेलो. मशीन आलं, परवापासून चालूही झालं. मी अजून बघायला गेलेलो नाही, आणि मंडळाची माणसं मला सारखी बोलावतात.

रेणुकानं मला एकदाच विचारलं. मागासाठी सुताची कांडी भरता भरता, मान वर न करता.

"काका, आप्पास्नी आदल्या दिवशी काय जाणवलं न्हवतं व्हय?"

"न्हाय गं. चांगला हसत व्हता."

"मग बरं," ती म्हणाली. "मला उगंच वाटायचं. पण तुमास्नी कळलं असतं तर तुमी त्यास्नी माघारी आणलंच असतं की."

परशरामला शेडात चार वाजता घरून चहा यायचा. रेणुका आता तो मला पाठवते, त्याच्याच तांब्यातून, त्याला लागायची तेवढीच साखर घालून. मी रोज तो पितो आणि तांब्या विसळून परत पाठवतो. तिच्या तोंडावर बोलायचं धाडस मला या इतक्या आठवड्यांत झालं नाही, म्हणून इथं लिहितो.

रेणुका, त्यानं मला सांगितलं होतं.