नाव न सांगितलेलं नाटक

आकारामकाका पोवार साधं बोलले तरी कुजबुजतात. "मेथी कशी दिलीस गं?" असं विचारतात, की वाटावं भाजीवाली संवाद विसरलीय आणि हे तिला आठवण करून देताहेत. त्यांची नक्कल करायला घसा लागत नाही, नुसता श्वास पुरतो. दिवसा एसटीच्या वर्कशॉपात नोकरी आणि संध्याकाळी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. पण मंडळी वर्षानुवर्षं तीच नाटकं करायची. "झोपेतबी वाक्यं पुरवाय लागलोय," म्हणून काका वैतागले आणि शाहूपुरीत गुळाच्या रिकाम्या गोदामात त्यांनी ‘कोरं पान’ नावाचं थिएटर काढलं. पूर्वी कुठंही न झालेलं नाटकच तिथं होणार, हा नियम.

सुरुवातीला प्रेक्षकांपेक्षा मुंग्या जास्त. आता इचलकरंजीहून यंत्रमागावरची माणसं पाळी संपवून येतात, आजऱ्याहून पोरं येतात. बसवण्याआधी प्रत्येक नाटक सगळ्यांसमोर वाचतात. लेखक कोण, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. कंटाळा आला की ऐकणाऱ्यानं "चहा!" असं ओरडायचं, मग तेवढा प्रसंग लेखकानं पुन्हा लिहायचा.

परवाच्या रविवारी राजनंदिनी, तिथली मुख्य नटी, असंच एक नाटक वाचत होती. म्हातारा बाप आणि नोकरीसाठी परगावी निघालेली मुलगी. पहिला अंक झकास गेला. दुसऱ्यात निरोपाच्या जागी ती मुद्दाम थांबली. डोळे वर, मोठ्ठा श्वास. तेवढ्यात मागच्या भिंतीपासून कुजबूज आली, "पोचल्यावर फोन कर. न्हाय केलास तरी मी जागाच हाय."

सगळ्या माना वळल्या. काकांच्या हातात कागद नव्हता.

"काका, तुमचं नाटक व्हय ह्ये?" नेपथ्य करणारा पिराजी सुतार ओरडला.

"गप ऐक!" काका लालबुंद.

वाचन पुढं सरकलं. नाटकातला बाप एसटी स्टँडवर जो बोलत सुटला, तो थांबेचना. पण कुणी ओरडेना. काकांना कसं ओरडायचं? पिराजीची दाबलेली जांभई नाकातून शिट्टीसारखी बाहेर पडली. ती ऐकून काका तरातरा पुढं आले आणि चक्क मोठ्यानं बोलले, "आरं, लाज वाटत न्हाय? समद्यांच्या नाटकाला बोंबलता, आन् माझंच तेवढं मयताला बसल्यागत ऐकताय! जमलंय का न्हाय, ह्ये मला कळाय नको? नाव लपवलं ते कशापाई?"

मग बायकांच्या रांगेतून काकांच्या बायकोचा, तानाबाईंचा, खणखणीत आवाज आला.

"चहा! आन् बटरबी आणा! अवं, त्यो बाप तोंड मिटंल तवा पोरगी गाडीत बसंल की!"

गोदामाचे पत्रे हसण्यानं थरथरले. पिराजी "चहा!", यंत्रमागवाले "चहा!"

"ह्ये आसं पायजे," म्हणत काकांनी राजनंदिनीच्या हातातले कागद घेतले आणि तिथंच खाली बसून पानभर भाषण खोडलं. बापाला दोन वाक्यं ठेवली.

तिसरा अंक सुरू झाला. मुलीनं परगावाहून बापाला पहिला फोन लावला, आणि पिराजी तळहातावरची तंबाखू मळायची विसरला. काकांना राहवेना. ते बायकांच्या रांगेपाशी वाकले.

"काय गं, आता?"

"गप बसा वं," तानाबाई पुढं सरकत म्हणाल्या, "ऐकू द्या की."