अक्कांच्या अंगणातली खुंटी

आमचे व्याही म्हणजे पायाला भिंगरी. जेवायला बसले तरी एक डोळा दाराकडे. दोष त्यांचा नाही, नोकरीचा. समुद्र किनारा किती खातो, ते मोजायचं. काठाजवळच्या प्रत्येक घरापुढे लोखंडी खुंटी ठोकलेली. दर उधाणानंतर खुंटीपासून तुटलेल्या काठापर्यंत फीत धरायची आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा पाच मीटरच्या आत आला, की घर रिकामं करायचा कागद निघतो.

त्यांची थोरली बहीण, अक्का, ओळीतल्या शेवटच्या घरात एकटी. शेजारची विहीर समुद्रात गेली, नारळीची चार झाडं आडवी झाली. पण अक्कांच्या खुंटीचा आकडा आठ. दीड वर्षं आठच!

"बरंच आहे की," मी म्हटलं. "तुमचे मेहुणे अक्कांना घाबरायचे, तसाच समुद्रही घाबरत असेल."

"अहो व्याही, थट्टा नको. माझंच काहीतरी चुकतंय."

फीत बदलली, चष्मा बदलला. आकडा आठ! परवा मलाच ओढत घेऊन गेले. मोजलं, आठ. हताश होऊन अक्कांच्या पायरीवर बसले, हात खाली टेकला, तो थेट खुंटीवर! जन्मभर समुद्राकडे बघणारा माणूस. पाठीमागचं घर किती जवळ आलंय, हे बघायचंच राहिलं.

"अक्का, खुंटी इथे कशी?"

"मीच आणली," अक्का तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मागे एक खुंटी वाहून गेली, तर साहेबानं तुला केवढं झापलं! म्हणून काठ सरकला, की हिलाही उपटून तेवढीच मागे ठोकते. वरवंट्यानं."

"किती वेळा ठोकलीस?"

"मोजायला मी काय तू आहे?"

वहीत खुंटीची मूळ जागा होती: भिंतीपासून अकरा मीटर. मी फितीचं टोक भिंतीला धरलं. जमीन नऊ मीटरवरच संपली. खुंटीची जागा कधीच पाण्यात गेली होती.

व्याही पेन्सिल घेऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागले. "अगं, दीड वर्षं मी तुला सुखरूप लिहीत होतो!"

"आता खरं लिहिलंस तर?"

"घर सोडावं लागेल."

"आणि नाही लिहिलंस तर?"

त्यांनी वही मिटली. अक्का उठल्या, काठाशी जाऊन खाली वाकल्या. तेवढ्यात पायाजवळचं ढेकूळ सुटलं. मी ओरडलो. त्या सावकाश मागे आल्या, पदर खोचला.

"लिही. माझ्यासमोर लिही."

त्यांनी लिहिलं. आकडा वाकडा आला. अक्का आत गेल्या आणि भांडी खडखडू लागली. व्याही अंगणातच खिळलेले.

"अरे, खांबासारखा उभा काय राहिलास?" आतून आवाज आला. "माळ्यावरचा हंडा काढून बांध, माझा हात पोचत नाही!"