स्पॅनिशची परीक्षा आणि अर्धा कोयता

स्पॅनिशमध्ये 'असं झालं असतं तर' म्हणण्यासाठी क्रियापदाची वेगळी रूपं आहेत. दिंद्रुडच्या सत्यशीलाने ती नऊ दिवसांत पाठ केली. 'ते बोलले' म्हणजे आब्लारोन. त्यातला शेवटचा 'रोन' तोडायचा आणि 'रा' जोडायचा : आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लारायस, आब्लारान. जोर कायम 'ब्ला'वर. 'जेवले'च्या कोमिएरोनचं कोमिएरा, 'जगले'च्या बिबिएरोनचं बिबिएरा. उसाचा शेंडा कुठे छाटायचा हे जसं हाताला कळतं, तसा तिला तो 'रोन' कळू लागला. नियमित क्रियापदांनी तिला कधी दगा दिला नाही.

मोबाइलवर शिकवणाऱ्या पुण्याच्या मॅडम वाक्यं करायला सांगत. सत्यशीला लिहायची : ट्रक लवकर आला असता तर आम्ही जेवलो असतो.

"वाक्य बरोबर आहे," मॅडम एकदा म्हणाल्या, "पण तुझा ट्रक कधीच वेळेवर का येत नाही?"

"येतच नाही, मॅडम."

परीक्षा नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी पुण्यात होती. पास झाली तर मेक्सिकोच्या ग्राहकांना उत्तरं लिहिणाऱ्या एका कंपनीत नोकरी पक्की होती. पुढच्या परीक्षेपर्यंत कंपनी थांबणार नव्हती.

अडचण कोयत्याची होती. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळीत कोणी घेत नाही. वडील, रामकिसन, दोन वर्षांपूर्वी काविळीने गेले. तेव्हापासून दोन हंगाम सत्यशीला त्यांच्या जागी, आई विमलबाईच्या जोडीला, उभी राहिली होती.

दसरा झाला आणि टोळीचा मुकादम राधाकिशन आला.

"वैनी, दिवाळीचा पाडवा झाला की निघायचं. मायलेकी तयार ऱ्हावा."

"लेक न्हाई येणार," विमलबाई म्हणाली. "तिची परीक्षा हाय. स्पॅनिशची."

"ते कुठं बोलत्यात?"

"लई लांब."

"आपल्या कारखान्यावर तर न्हाई ना? मग? अर्धा कोयता कावून नेऊ म्या?"

"अर्धा कशाला? मी आन् ताराबाई. पुरा झाला."

ताराबाई शेजारची. तीही विधवा, तीन हंगाम तिला कोणी नेलं नव्हतं.

"दोन बाया?" राधाकिशन म्हणाला. "मोळी घेऊन ट्रकच्या शिडीवर कोण चढणार?"

"दोन साल ही पोरगी चढली. तवा ती काय बाप्या होती?"

राधाकिशनने तंबाखू मळून दाढेत धरली. उठताना म्हणाला, "दोघींतली एक जरी बसली, तरी पोरीला बोलवीन. मग परीक्षा असो का लगीन."

"बोलवा," विमलबाई म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, राधाकिशनचा फोन आला. टोळी तेव्हा त्या दोघींसह कर्नाटकात होती. ताराबाई तापाने फणफणली होती, पाचटाच्या कोपीत अंथरुणावरून उठत नव्हती. "दुपारच्या गाडीनं निघ," तो म्हणाला. "तुझ्या आईनंच शब्द दिलाय."

सत्यशीलाने पिशवीतून पुस्तकं काढली आणि उसाच्या फडावर घालायचा जुना शर्ट आत ठेवला. तासाभराने विमलबाईचा फोन आला.

"येऊ नगं. ताराबाई उठली."

"एवढ्यात?"

"गोळी दिली. उठली."

"दे तिला फोन."

"ती मोळ्या बांधायलीय. तू पुण्याला जा."

अंथरुणाला खिळलेलं माणूस एका गोळीने तासाभरात मोळ्या बांधायला लागत नाही. दोन हंगाम फडावर काढलेल्या सत्यशीलाला हे कोणी सांगायला नको होतं. तिने आईला दुसऱ्यांदा विचारलं नाही. शर्ट बाहेर काढला, पुस्तकं परत भरली आणि माजलगावला जाऊन पुण्याची एसटी धरली.

ताराबाई चार दिवस पडून होती. ते चार दिवस विमलबाईने ऊस एकटीने तोडला आणि मोळ्याही एकटीने शिडीवरून चढवल्या. राधाकिशनने हे सगळं पाहिलं. त्याने पुन्हा सत्यशीलाला फोन केला नाही.

निकाल फेब्रुवारीत लागला. सत्यशीला पास झाली. मार्चपासून ती पुण्यात नोकरी करते. त्या शुक्रवारच्या फोनचा विषय मायलेकींमध्ये आजवर निघालेला नाही.