चौकोनातली गच्ची

उन्हाळ्यात कुरडया राखायचं काम माझ्याकडे असतं. गच्चीवर जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसायचं आणि कावळ्यांशी हुज्जत घालायची. आज बायकोने चौकड्यांची जुनी चादर अंथरली आहे आणि तिच्या एकेका चौकोनात एकेक कुरडई घातली आहे.

ते बघून मुलगी आठवली. ती पुण्याला हवामानाच्या अंदाजाचं काम करते. संगणकावर सगळ्या मुलखाचे असेच चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातल्या वाऱ्याचं, उन्हाचं, ओलीचं गणित मांडतात, असं तिने एकदा सांगितलं होतं.

"मग आपली गच्ची कुठल्या चौकोनात गं?" हिने तेव्हा तिला विचारलं.

"अगं आई, आपलं अख्खं गाव आणि शेजारची चार गावं मिळून एकच चौकोन!"

मला ते यंत्र जरा आळशीच वाटलं. तरी गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "आई, दुपारनंतर गारा पडतील, कुरडया आत घे." आम्ही धावपळ करून चादर आत नेली. गारा पडल्या त्या शेजारच्या गावात, इथे थेंबही नाही. मी चिडलो. ही मात्र खुशीत होती. म्हणाली, "एवढ्या मोठ्या चौकोनात पोरीला आपलीच गच्ची दिसली!"

आज आभाळ स्वच्छ आहे. कुरडया छान कडक वाळताहेत. आणि ही हातात फोन घेऊन पुन्हा वर आली आहे.

"अहो, तिकडे डोंगरावर जरासा ढग दिसतोय का हो?"