पाडव्याच्या सकाळी कोण काय करतं

पाडव्याच्या सकाळी माणूस जे करतो, तेच त्याच्या हातून वर्षभर होतं, अशी आमच्या घरात पक्की समजूत होती. त्यामुळे गुढी उभारून झाली की जो तो मनातलं काम घेऊन बसे. बाबा वर्तमानपत्र उघडत आणि त्यांच्या बाबतीत ही समजूत दरसाल तंतोतंत खरी ठरे. आई स्वयंपाकघरात असे. तिला काय करायचंय, ते कुणी विचारत नसे.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझं चित्त कशावरच ठरत नव्हतं. पुस्तक उघडलं की रस्त्यावरून सीताबर्डीकडे जाणारी प्रत्येक सायकल मला दिसायची. परीक्षा तोंडावर आलेली. यंदा घसरलीस तर एकच संधी आणखी, मग स्थळं बघायची, असं बाबांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं. तेव्हा माझी सगळी भिस्त पाडव्यावर. ती एक सकाळ मन लावून वाचायचं, की वर्ष मार्गी लागलं.

पण त्या फाल्गुनापासून आईला धाप लागत होती. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं आणि ही पहाटेपासून पाट्यावर पुरण वाटत बसलेली. वरवंटा थांबे, धापेचा आवाज येई, पुन्हा वरवंटा सुरू. मी तीच ओळ परत परत वाचत होते. शेवटी असा संताप आला की पुस्तक आपटलं, तिला हाताला धरून उठवलं आणि ओसरीतल्या खाटेवर आणून बसवलं. आज बसलीस तर वर्षभर बसशील, असं मी तिला बजावलं.

"मले रिकामं बसता येत नाही वं," ती म्हणाली. तरी बसली. पदराचं टोक चुरगाळत, गुढीखाली पडलेली कडुनिंबाची पानं गोळा करत बसली. आत माझ्या पोळ्या फाटत होत्या. बाबांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या.

मग ती समजूत खरी व्हायला लागली, दोघींच्याही बाबतीत. परीक्षेच्या दिवसांत आईला दवाखान्यात ठेवावं लागलं, पेपर राहिले. ती घरी आली, पडून राहू लागली, हळूहळू धापही कमी झाली. चूल माझ्याकडे आली ती आलीच. वरण ढवळताना मन पुस्तकात आणि रात्री पुस्तक घेतलं की उद्याच्या भाजीत. चिडावं तर कुणावर? आईवर चिडणं शक्य नव्हतं, म्हणून मी भांडी आदळे. उन्हाळ्यात दारांना खसच्या ताट्या लागल्या, निघाल्या, बाजारात संत्री आली आणि संपली, तरी मी आपली घरातल्या घरात येरझारा घालत होते.

पुढच्या पाडव्याला पुरण टाकायला म्हणून अंधारातच उठले, तर स्वयंपाकघराचं दार बंद. आतून कडी, आणि पाट्यावर वरवंट्याचा आवाज. दार वाजवलं, डॉक्टरांची आठवण दिली, बाबांना उठवते म्हणून धमकावलं.

वरवंटा थांबला.

"बह्याडासारखी दार काय वाजवते," आई आतून म्हणाली. दम घेऊन पुढे म्हणाली, "तुले काय करायचं आहे ते मागच्या साली मी इचारलंच नाही. जा, पुस्तक घेऊन ये. उजाडून राहिलं."

मी पुस्तक आणलं. पण ओसरीत नाही गेले. त्या बंद दारालाच पाठ लावून बसले. वाचत कसली होते, सगळा जीव कानात होता. आतला वरवंटा थांबला की माझंही वाचणं थांबे. तो पुन्हा सुरू झाला की मी पुढची ओळ वाचत असे.