घासून धुतलेला पाय

लातूरच्या मार्केट यार्डात किशनरावांनी लावलेली थप्पी कुणी परत तपासत नसे. खालचं पोतं त्यांनी एकदा बसवलं की वर पत्र्यापर्यंत माल चढला तरी थप्पी पोट काढत नसे. नवा हमाल घाईनं पोतं टाकायचा, तेव्हा ते त्याला ते पुन्हा उचलायला लावत. म्हणत, "पाठ तुझी हाय, पण थप्पी माझी हाय. नीट ठिव."

शुगर निघाली आणि ओझं सुटलं. मग ते भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायला बसू लागले. हातात दाभण, मांडीवर सुतळीचा गुंडा. टाकाही एकसारखा. पाय मात्र हळूहळू परके झाले. चालताना चप्पल निसटून मागं राहायची आणि यांना पत्ता नसायचा. मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ किशनराव, तुमची गाडी स्टँडातच उभी हाय की!" मग ते वळून येत, चप्पल पायात घालत आणि आली की नाही ते खाली वाकून बघत.

त्यांची एकुलती लेक वर्षाराणी नांदेडला पीएचडी करत होती. विषय कुणी विचारला की किशनराव कामच थांबवत. "शुगरवाल्याच्या पायाचा मोबाइलवर फोटो काढायचा. पाय बिघडणार का न्हाई ते मशीन सांगतंय. तसं मशीन बनवून राहिली ती."

शेजारी बसून पोती शिवणारा नरसिंग म्हणायचा, "एवढी शिकली अन् पायावर आली? डोकं कामून न्हाई घेतलं?"

"तुझं उघडून बघितलं असंल. काय सापडंना म्हणून पाय घेतला."

काम हलकं नव्हतं. वर्षाराणीच्या गाइड मॅडमची रीत कडक होती. कृत्रिम बुद्धिमत्ता दवाखान्यासाठी शिकायची, तर आधी दवाखाना अंगावर घ्या, असं त्यांचं म्हणणं. नव्या विद्यार्थ्याला त्या कॉम्प्युटरजवळ फिरकू देत नसत. वर्षाराणीचं पहिलं वर्ष ड्रेसिंगच्या खोलीत गेलं. पट्टी सोडायची, पू पुसायचा, वास सोसायचा, माणसाशी बोलायचं. पहिल्या दिवशी ती बाहेर येऊन ओकली, तोंड धुतलं आणि परत आत गेली. हे किशनरावांनी यार्डात सगळ्यांना सांगून झालं होतं. लेक पीएचडी करते यापेक्षा ती परत आत गेली, हे त्यांना मोठं वाटायचं.

मग तिनं फोटो जमवले. कंधारपासून किनवटपर्यंत गावं पालथी घातली, कधी एसटीनं, कधी टमटमच्या मागं लोंबकळत. आपल्याकडं जखम झाली की पहिला हात हळदीच्या डब्यात जातो. लोक जखमेत हळद दाबूनच बसलेले असत. वर्षाराणी ओल्या कापसानं हळद पुसायची, जखम उघडी करायची, मग फोटो काढायची. चांगले पाय तिनं होस्टेलातल्या पोरींचे आणि कॉलेजातल्या शिपायांचे घेतले. एकेक पाय मशीनला दाखवायचा, हा बिघडलेला, हा चांगला. मशीन शिकत गेलं. बिघडलेल्या पायाभोवती लाल चौकट यायची, चांगल्याभोवती हिरवी. तपासणीत ते क्वचितच चुकायचं. तरी मॅडमनी बजावलं होतं, अजून कच्चं आहे, कुणाच्या इलाजाला वापरायचं नाही.

दिवाळीच्या तोंडावर किशनरावांच्या उजव्या अंगठ्याखाली दाभण घुसलं. कधी घुसलं ते त्यांना कळलंच नाही. घरी आले तर फरशीवर रक्ताचे ठिपके.

त्यांची बायको सिंधु म्हणाली, "आवो, कुठं लागलं?"

"कुणाला?"

"मला लागलं! पाय वर करा."

तिनं हळद दाबून भरली. रोज भरत गेली. चार-आठ दिवसांत वरून तोंड मिटल्यासारखं दिसायला लागलं. अंगठा आणि चवडा पिवळाधमक.

वर्षाराणी दिवाळीला आली. सिंधु म्हणाली, "बाई, आधी बापाचा पाय बघ."

वर्षाराणीनं मोबाइल काढला. किशनराव उठले. "थांब. असा न्हाई दावायचा."

ते न्हाणीत जाऊन बसले. लेकीच्या कामाला घाणेरडा पाय द्यायचा, हे त्यांच्यात बसत नव्हतं. वज्रीनं टाच घासली, तळवा घासला. हळदीचा रंग साबणानं जाईना, म्हणून लिंबू मागवलं. फोड चोळली, परत चोळली. जखमेच्या कडेची मेलेली कातडीही घासून काढली. बाहेर वर्षाराणी म्हणाली, "आप्पा, पाय धुताव का पुसून टाकताव?" सिंधुला चहा परत गरम करावा लागला. बाहेर आले तेव्हा पाय लहान लेकरासारखा निघाला होता. पाटावर ठेवून म्हणाले, "हं. आता काढ."

हिरवी चौकट आली.

वर्षाराणीनं हातानंही दाबून बघितलं. पू नव्हता, सूज नव्हती. "दुखतंय का?"

"न्हाई."

"ते तुमाला तसं बी कळत न्हाई. आप्पा, हे मशीन कच्चं हाय. उद्या दवाखान्यात दावा."

"दावतो की."

"दावतो म्हणताव अन् यार्डात जाऊन बसताव."

तसंच झालं. सोयाबीनची आवक जोरात होती. तोंड न शिवलेलं पोतं उघड्यावर ठेवून घरी जाणारा माणूस तो नव्हता. आणि हिरवी चौकट त्यांनी डोळ्यानं बघितली होती. नरसिंगला सांगितलं, "लेकीच्या मशीननं पास केलंय." सिंधु परत हळदीचा डबा घेऊन आली, तर पाय मागं ओढून घेतला. "आता कशाला? मशीननं बघितलंय ना?" धुळीसाठी मोजे घालायला लागले. चप्पल आवळायला लागली, तर पट्टा ढिला केला. नांदेडहून फोन यायचा, "आप्पा, गेलताव का दवाखान्यात?" ते म्हणायचे, "हाव." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण ते हिरवं लेकीच्याच हातातलं होतं, म्हणून हे खोटं त्यांना खोटं वाटलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि कंधारला त्यांच्या भावाच्या घरी लग्न निघालं. नवरी अयोध्या, किशनरावांची पुतणी. हळदीच्या दिवशी अंगणात बायकांचा कालवा उसळला होता. किशनराव मांडवाच्या खांबाजवळ खुर्चीवर बसून बघत होते. वर्षाराणीही नांदेडहून आली होती. तिला त्यांच्या बहिणीनं, पंचफुलाबाईनं, धरलं.

"ए मास्तरीण, जगाचे पाय किती बघशील? तुझ्या पायाला हळद कवा लागायची?"

"आत्या, तुमचाच पाय दाखवा, फोटो काढते."

"माझ्या भेगा काय बघतीस? नवरीचा काढ. असा पाय तुझ्या मशीननं बघितला नसंल."

वर्षाराणी हसली. पाटावर बसलेल्या अयोध्याच्या पायावर तिनं मोबाइल धरला. विशीतल्या पोरीचा पाय, कुठं ओरखडा नाही. लाल चौकट आली.

"आगं बाई, नवरी नापास!" पंचफुलाबाई ओरडली. अंगण हसलं. "आता मुलाकडच्यांना सांगू नगा बरं."

वर्षाराणीनं दुसरा पाय घेतला. लाल. मग तिनं आत्याचा पाय ओढला, भेगाळलेला, कोरडा. हिरवी. तिनं वाटीतली हळद बोटांनी त्याच पायाला फासली आणि ओल्या पदरानं पुसून काढली. पिवळा डाग राहिला. परत फोटो. लाल.

बायकांना खेळ सापडला. "माझा बघ, माझा बघ," म्हणत पाय पुढं यायला लागले. किशनरावही हसत होते. मग त्यांना लेकीचं तोंड दिसलं आणि हसू थांबलं. उंच थप्पीतलं खालचं पोतं सरकायला लागलं की खाली उभ्या हमालाचं तोंड असं होतं. पळायला जागा नसते.

ती बायकांतून वाट काढत त्यांच्यापाशी आली.

"आप्पा, मोजा काढा."

"इथं? पाव्हणे बसलेत..."

"काढा." ती खाली बसलीच. "त्या दिवशी पाय धुतलाव, तवा त्याला हळद होती का?"

"होती की. तुझ्या आईनं भरली होती. लिंबानं काढली सगळी. एक डाग ठिवला न्हाई." हे ते अजून अभिमानानंच बोलत होते.

तिनं मोजा खाली ओढला. वास आला. हळद, फुलं, तळणाचं तेल या सगळ्या वासांतून तो वास वर आला. तो तिच्या ओळखीचा होता. ड्रेसिंगच्या खोलीत तिनं तो वर्षभर सोसला होता. अंगठा काळा पडला होता, शेजारचं बोट निळं.

नांदेडला जाताना जीपमध्ये त्यांचा पाय तिच्या मांडीवर होता. तिनं सांगितलं, "मी हळद पुसत होते, आप्पा. डाग जात न्हाई ते माझ्या ध्यानात आलं न्हाई. जखमवाले सगळे पाय पिवळे, चांगले सगळे कोरे. मशीननं जखम कधी बघितलीच न्हाई. ते डाग बघत बसलं."

किशनरावांनी काढलेला मोजा गुंडाळून खिशात घातला.

"खालचंच पोतं वाकडं बसलं," ती म्हणाली.

ते शब्द त्यांचे, यार्डातले होते. तिच्या तोंडून त्यांना ते नकोसे झाले.

डॉक्टरांनी पाय बघितला, एक्स-रे बघितला. हाडापर्यंत गेलं होतं. अंगठा आणि त्याच्यामागचा चवडा काढावा लागेल म्हणाले. थांबलं तर वर चढेल. सिंधुनं विचारलं, "औषधानं न्हाई का हो?" डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.  वर्षाराणीला ते उत्तर आधीच ठाऊक होतं.

ऑपरेशन झाल्यावर गाइड मॅडम भेटायला आल्या. पलंगाजवळ उभ्या राहिल्या, किशनरावांना हात जोडले. जाताना बाहेर वर्षाराणीशी बोलल्या. दार उघडं होतं, ते आत ऐकू आलं. जे झालं ते सगळ्यांसमोर मांडावं लागेल. फोटो परत पहिल्यापासून. वर्षाराणी "हो मॅडम" म्हणाली. एवढंच.

किशनराव छताकडं बघत पडले. कुणावर राग धरावा हे ते शोधत होते. लेकीनं दवाखान्यात जा म्हणून सांगितलं होतं. तिनं कष्टात कसूर केली नव्हती. सिंधुनं हळद भरली ती मायेनंच. आणि आपण पाय धुतला तो नीट धुतला. पोत्याच्या कोपऱ्यांना कान असले की धरून उचलता येतं. या गोष्टीला कुठून धरावं तेच सापडत नव्हतं.

ड्रेसिंगच्या दिवशी सिस्टरनं वर्षाराणीलाच पट्टी करू दिली. तिनं जुनी पट्टी सोडली, टाक्यांच्या कडा पुसल्या. किशनराव उशीला टेकून बघत होते.

"वर्षा, याचा फोटो काढ."

"कशाला?"

"मशीनला दाव. त्याला म्हणावं, ह्या पायाला तू हिरवं म्हणलं होतंस, बघ. शिकंल ते."

"एका पायानं शिकत न्हाई ते, आप्पा."

"मग किती लागतेत?"

तिनं नवी पट्टी उघडली. गुंडाळू लागली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा, कुठं ढिला नाही, कुठं आवळलेला नाही. काम बघून त्यांच्या तोंडाशी शाबासकी आली होती, ती तिथंच राहिली. तिचा हात आता पायाला लागलाय की नाही, हे त्यांना डोळ्यांनी बघूनच समजत होतं.